संशोधनाची एक जागा



सामरवरणीसारख्या गावातील एखादी पदवीधर मुलगी आज तंत्रविद्यापीठात संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करते, तेव्हा तिला चिंता असते ती गुणांची, प्रवेशपरीक्षेची आणि मुलाखतीची. केवळ स्त्री म्हणून अर्ज परत येईल, असे तिच्या मनातही येत नाही. हा निर्धास्तपणा सहजासहजी लाभलेला नाही. त्याची किंमत एका मराठी मुलीने मोजलेली आहे.

गोष्ट १९३३ सालची. कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि चुलते ह्याच संस्थेत शिकलेले. तेव्हा प्रवेश मिळणारच, अशी घरात खात्री होती. परंतु उत्तर नकाराचे आले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन, आणि नकाराचे कारण होते अर्जदाराचे स्त्रीत्व.

कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि नकाराचा जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावयाचे. आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यावयाचे नाही! ही शेवटची अट मनाला किती झोंबली असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. तरीही त्यांनी सर्व अटी पत्करल्या. श्रीनिवासय्या ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये ह्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर रामन ह्यांचे समाधान झाले, आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेत सायटोक्रोम-सी ह्या द्रव्याचा भाग असतो, हे त्यांनी दाखविले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता!

विवाहानंतर कमला सोहोनी ह्या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक आणि पुढे संचालक झाल्या. तेथे त्यांनी नीरेवर केलेले संशोधन विशेष गाजले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना नीरा पोषक ठरते, असे त्यांना आढळले. त्या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

ताडाचे झाड दादरा-नगर हवेलीच्या माणसाला नवे नाही. त्याच झाडाच्या रसातून गरिबाच्या ताटाला पोषण मिळेल का, हा प्रश्न विचारणारी स्त्री १९३३ साली दारातूनच परत गेली असती, तर तोटा एकट्या तिचा झाला नसता. संशोधनाची जागा ही कोणी दिलेली भीक नव्हे. ती नाकारताना संस्था कधीकधी समाजाच्या एखाद्या गरजेचे उत्तरच नाकारीत असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.