चाळीतल्या खोलीला बुरशी? रंग काढण्याआधी ओल कुठून येते ते बघा

कोकणातल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी मुंबईत लालबाग, परळ, दादर नाहीतर गिरगावात राहतं. पावसाळ्यात तिकडून फोन आला की एक तक्रार ठरलेली असते. भिंतीवर काळे डाग पडलेत, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतोय. मे महिन्यात रंग काढलेला असतो, तरी जुलैत डाग परत हजर!

बुरशीचे सूक्ष्म कण हवेत कायमच असतात, ते कुणाला थांबवता येत नाहीत. थांबवायची ती ओल. भिजलेल्या कापडावर, पुठ्ठ्यावर किंवा लाकडावर एक-दोन दिवसांतही बुरशी धरू शकते. मुंबईत जून ते सप्टेंबर सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्यात खोली लहान. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. आता तिथे टॉवर उभे राहत आहेत, पण जुनी खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच स्वयंपाक, मोरी आणि दोरीवरचे ओले कपडे. ही सगळी वाफ जाणार कुठे?

म्हणून पहिलं काम, ओल बाहेरून झिरपते की आतल्या वाफेची आहे हे ओळखणे. डागाजवळची भिंत पुसून कोरडी करावी, पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावावा आणि एक दिवसाने काढावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर घरातल्या दमट हवेची. भिंतीवर पांढरी भुकटी असेल तर थोडं पाणी मारून बघावं. विरघळली तर तो खार, बुरशी नव्हे.

भिंतीतून ओल येत असेल तर आतून कितीही रंग लावा, पैसा पाण्यात. बाहेर पाइपचा सांधा, तुंबलेली पन्हळ, फुटलेलं कौल, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप बघावं. गिरगावातल्या जुन्या विटा-चुन्याच्या भिंतींवर ऑइलपेंट तर नकोच; ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा रंग बरा. गिलावा आणि रंग दिवाळीनंतर, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळल्यावर काढावा. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे रहिवाशांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

वाफेची ओल असेल तर उपाय स्वस्त आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. स्वयंपाक करताना खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू, मोरी वापरून झाली की पुसून कोरडी. कपडे शक्यतो गॅलरीत, नाहीतर पंख्याखाली. डांबरगोळ्यांचा भरवसा धरू नये, त्या किड्यांसाठी असतात.

डाग कोरड्या ब्रशने खरवडू नयेत, कण घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावं आणि जागा लगेच वाळवावी. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो, आणि एवढ्याशा खोलीत तो थेट छातीत जातो. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना सफाईच्या वेळी बाहेर बसवावं. खोकला, धाप हटत नसेल तर डॉक्टरांना घरातल्या बुरशीबद्दल आवर्जून सांगावं.

गणपतीला गावी येताना खोली दहा-बारा दिवस बंद राहते, तेव्हा सर्वात जास्त नुकसान होतं. निघण्याआधी एकही ओला कपडा आत ठेवू नये, कपाटाची दारं किलकिली ठेवावीत आणि चावी शेजाऱ्यांकडे द्यावी. दिवसाआड तासभर दार उघडून पंखा लावला तरी पुष्कळ फरक पडतो. गावाकडच्या बंद घरालाही हेच लागू.