सीट-गळती (मोठ्या व्हॉल्व्हमधील)

व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतानाही सीटवरून पलीकडे जाणारे पाणी, वाफ किंवा वायू. ग्लँडमधून वा फ्लँजमधून बाहेर दिसणारी गळती यात धरत नाहीत. कारखान्यात ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ म्हणतात, ते हेच.

मोजणी : बंद व्हॉल्व्हच्या एका बाजूला पाण्याचा दाब देतात, साधारणतः नेमून दिलेल्या दाबाच्या १.१ पट, आणि दुसऱ्या बाजूला ठरलेल्या वेळात पडणारे थेंब मोजतात. एपीआय ५९८ मध्ये रबरी वा तत्सम मऊ सीटला एकही थेंब माफ नाही. धातूच्या सीटच्या १४ इंच व त्यापुढच्या व्हॉल्व्हला मात्र दर इंचाला मिनिटाला २ थेंब चालतात. २४ इंचीला असे ४८ थेंब होतात. १६ थेंबांचा मिलिलिटर धरला, तर ३ मिलिलिटर. आयएसओ ५२०८ ची ‘डी’ श्रेणी ६०० मिमी व्हॉल्व्हला मिनिटाला ३.६ मिलिलिटर देते, म्हणजे दिवसाला पाच लिटरच्या आसपास. तिथली ‘ए’ श्रेणी म्हणजे चाचणीच्या वेळात डोळ्यांना गळती न दिसणे. तिला शून्य म्हणण्याची सवय बरी नव्हे.

कंट्रोल व्हॉल्व्हचे गणित निराळे. त्यांचा चौथा वर्ग क्षमतेच्या ०.०१ टक्के गळती मान्य करतो. ताशी १००० घनमीटर क्षमता असेल, तर ताशी १०० लिटर. सहाव्या वर्गात वायूचे बुडबुडे मोजतात : ८ इंचीला मिनिटाला ४५.

निवाडा : आकडा तोच, पण जागा बदलली की निकाल बदलतो. उदाहरणार्थ, वान नदी मेळघाटातून अकोल्याच्या अंगाला उतरते. तिच्यावरच्या धरणाचे पाणी खारपाणपट्ट्यातल्या ८४ खेडी योजनेला जाते. अशा जलवाहिनीत दिवसाला पाच लिटर कोणी विचारणार नाही. पण पुढची वाहिनी रिकामी करून वेल्डिंग करायचे असेल, तर तीच धार कामाचा खोळंबा करते. ओल्या सांध्यात वेल्ड धरत नाही. पारसच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी, उच्च दाबाच्या वाफेच्या व्हॉल्व्हवर तर थोडेसेही पासिंग चालवून घेऊ नये : वाफ सीटवर बारीक खाच कोरते आणि गळती दिवसागणिक वाढते.

जागेवर चाचणीमंच नसतो. पुढचा ड्रेन उघडून बादली आणि घड्याळ वापरतात, किंवा स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बॉडीला व मूठ कानाला लावून सूं-सूं ऐकतात. स्लूस व्हॉल्व्ह पास होत असला, तर सीट खराब ठरवण्याआधी खालच्या खाचेतला गाळ बघावा. थोडा उघडून पाण्याची धार जाऊ द्यावी, मग पुन्हा बंद करावा. पान्याला पाइप अडकवून जोर लावला, की स्पिंडल वाकतो आणि थेंब पडतच राहतात.