पित्ताशयाची गाठ : निदान आणि शस्त्रक्रिया

पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्याच्या तुलनेत महाराष्ट्रात विरळ आढळतो. उजव्या बरगडीखालील दुखणे 'पित्ताचा त्रास' समजून अंगावर काढले जाते. कावीळ होईतो बहुधा उशीर झालेला असतो. निदानाची पहिली पायरी सोनोग्राफी, संशय आल्यास सीटी स्कॅन. शस्त्रक्रियायोग्य गाठीतून सुईने तुकडा घेणे सहसा टाळतात, कारण पेशी पसरण्याचा धोका असतो. गाठ स्नायूच्या थरात शिरली असल्यास पित्ताशयासह लगतच्या यकृताचा भाग व लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयातही क्वचित कर्करोग सापडतो. त्यामुळे शिरूर तालुक्यातील निमोणेसारख्या गावांतून शहरात शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णांनी पॅथॉलॉजीचा अहवाल हाती येईपर्यंत उपचार संपले, असे समजू नये.