न्याय : नेमलेले काम की भरपाई?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधली न्यायाची व्याख्या चौथ्या पुस्तकात येते. ती अगदी साधी आहे : ज्याने त्याने आपले काम करावे, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये. आदर्श नगरात तीन वर्ग असतात. राज्य करणारे तत्त्वज्ञ, त्यांच्या हाताखालचे सैनिक, आणि शेतकरी-कारागीर-व्यापारी. शासकांच्या अंगी विवेक हवा, सैनिकांच्या अंगी शौर्य, संयम मात्र सगळ्यांनाच. या तिघांनी आपापली जागा न सोडणे म्हणजे न्याय. मनाचेही तसेच तीन भाग, आणि बुद्धीच्या हाती लगाम असला की माणूस न्यायी.

इथवर येण्याआधी, पहिल्याच पुस्तकात, तीन मते खोडून काढली जातात. वृद्ध केफॅलस म्हणतो, खरे बोलावे आणि घेतलेले परत करावे. सॉक्रेटिस विचारतो, शहाणा असताना मित्राने ठेवायला दिलेले शस्त्र वेड लागल्यावर तो मागू लागला, तर द्यायचे का? केफॅलसचा मुलगा पोलेमार्कस मित्रांचे भले आणि शत्रूंचे वाईट करण्याला न्याय म्हणतो. त्यावर सॉक्रेटिसचे म्हणणे असे की न्यायी माणूस कोणाचेच वाईट करत नाही. थ्रॅसिमॅकस तर सरळ सांगतो की न्याय म्हणजे बलवानाचे हित. पुढची नऊ पुस्तके खर्ची पडतात ती मुख्यतः याच्या उत्तरासाठी.

ही चर्चा जिथे होते ते घर नीट पाहिले पाहिजे. पिरियस बंदरातले केफॅलसचे हे कुटुंब मूळचे सिराक्यूजचे. ढालींचा कारखाना होता, पैसा होता, पण परदेशी रहिवासी म्हणून अथेन्सच्या सभेत मत नव्हते. इ.स.पू. 404 मध्ये स्पार्टाच्या बळावर तीस जणांची राजवट आली. तिचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. या राजवटीने श्रीमंत परदेशी रहिवाशांवर हात टाकला. पोलेमार्कसला आरोप न सांगता, सुनावणी न घेता विष प्यायला लावले. त्याचा भाऊ लिसियस याने पुढे न्यायालयासाठी रचलेल्या भाषणात सगळा हिशेब मांडला आहे. 700 ढाली आणि 120 गुलाम जप्त झाले. कुटुंबाची तीन घरे असताना एकाही घरातून प्रेत नेऊ दिले नाही, त्यासाठी खोपट भाड्याने घ्यावे लागले. पोलेमार्कसच्या बायकोच्या कानांतली सोन्याची कुंडलेदेखील ओढून घेतली.

आता चौथ्या पुस्तकातली व्याख्या या बाईसमोर ठेवून पाहू. प्लेटो म्हणेल, वासनेच्या आहारी गेलेली माणसे शासक होऊन बसली, म्हणून अन्याय झाला. निदान बरोबर आहे, पण ते गुन्हेगाराच्या मनाचे निदान आहे. जिचे हिरावून घेतले तिला काय मिळायला हवे, याचा विचार त्यात नाही. कोणी दुसऱ्याचे घेऊ नये आणि आपले गमावू नये हे न्यायाधीशांनी पाहावे, असे एक वाक्य प्लेटो लिहितो खरा. मात्र तो लगेच कामांच्या वाटणीकडे वळतो. तिसऱ्या पुस्तकात तर न्यायालयांची गर्दी हे बिघडलेल्या शिक्षणाचे लक्षण ठरते.

अ‍ॅरिस्टॉटल ही उणीव भरून काढतो. तो स्टॅगिराचा, म्हणजे अथेन्समध्ये तोही परदेशी रहिवासीच. ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या पाचव्या पुस्तकात तो न्यायाचे दोन प्रकार वेगळे करतो. मानमरातब, संपत्ती यांच्या वाटपात योग्यतेचे प्रमाण पाहायचे. नुकसानीची दुरुस्ती करताना ते पाहायचे नाही. भल्याने बुऱ्याला लुबाडले की बुऱ्याने भल्याला, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. त्याने केवळ झालेली हानी बघावी. रेघेचे दोन असमान तुकडे पडले तर मोठ्यातला जादा भाग काढून लहानाला जोडावा, तसे न्यायाधीशाने करावे. या न्यायासमोर पोलेमार्कसच्या बायकोला आपली योग्यता सिद्ध करावी लागत नाही.

प्लेटोच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. स्त्रियाही राज्य करू शकतात हे त्याने निःसंदिग्धपणे लिहिले, आणि कारागिराच्या मुलात ‘सोने’, म्हणजे शासकाचे गुण, आढळले तर त्याला वर आणावे असेही सांगितले. तरीही माणसाची जात तीनपैकी एकच, आणि ती ओळखणार शासक. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये चातुर्वर्ण्याची तपासणी करताना नेमके इथेच बोट ठेवले : प्रत्येक माणूस वेगळा असतो, त्याला मोजक्या कप्प्यांत कोंबता येत नाही, हे प्लेटोला दिसले नाही. या आक्षेपाला ‘रिपब्लिक’मध्ये उत्तर नाही.

अ‍ॅरिस्टॉटलही निर्दोष नाही. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या पुस्तकात तो काही माणसांना जन्मतः गुलाम ठरवतो, त्याचा दुरुस्तीचा न्याय त्या 120 जणांना काहीच देत नाही. पण त्याच्या तत्त्वातला दोष कोणाला मोजायचे यात आहे, मोजण्याच्या रीतीत नाही. मोजणी वाढवता येते. प्लेटोच्या नगरात मात्र, सगळ्यांना सामावून घेतले तरी, लुबाडल्या गेलेल्या माणसाने दाद मागायची कुठे हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून न्यायाच्या विचारात मी अ‍ॅरिस्टॉटलच्या त्या पाचव्या पुस्तकाला ‘रिपब्लिक’च्या वर जागा देतो.