मोहाची चव कोणी मोजली?

मार्च संपत आला की नागपूरहून उमरेड-भिवापूरच्या वाटेला पहाटे निघून पाहावे. मोहाचा वास आधी येतो, झाड नंतर दिसते. झाडाखाली फिकट पिवळ्या, रसदार फुलांचा सडा पडलेला असतो आणि बायका-मुले तो टोपल्यांत वेचत असतात. उन्हात वाळली की ही फुले मनुकांसारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. साखर आणि पाणी मिळाले की यीस्ट कामाला लागते आणि अल्कोहोल तयार होते. फ्रान्समध्ये हे काम द्राक्षांवर चालते, आपल्या विदर्भात मोहावर.

द्राक्षाच्या वाइनविषयी बोलणारे रसिक तिच्या वासाचे वर्णन करताना थकत नाहीत. कोणाला त्यात लिंबाची साल आढळते, कोणाला ओली माती. मोहाच्या दारूविषयी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: ‘कडक आहे का?’ असे का व्हावे? मोहाला वास नाही म्हणून? उत्तर शोधण्यासाठी आधी आपले नाक आणि मग नागपूरचा इतिहास पाहू.

नाकाचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. विद्यार्थ्यांना नाक घट्ट धरून वेलदोड्याचे दोन दाणे चावायला सांगावे. जिभेला थोडा तिखटपणा जाणवेल, पण ‘वेलची’ कळणार नाही. नाक सोडताच ती एकदम ओळखू येईल. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच चवी ओळखते. बाकी सारा स्वाद घशामागून नाकात जाणाऱ्या वाफांचा असतो. तेथे सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक आहेत. या ग्राहकांची जनुके १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधली आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाइन चाखणारा घोट तोंडात घोळवतो, तो याच मार्गासाठी.

या कसोटीवर मोहाचे फूल मुळीच उणे नाही. बासमतीसारख्या सुवासिक तांदळाचा गंध ज्या संयुगाचा, ते ‘२-ॲसिटिल-१-पायरोलीन’ १९८२ साली अमेरिकेत बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. कोलकात्याचे जीवशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांच्या गटाला तेच संयुग वाघ हद्द आखण्यासाठी झाडांवर जो फवारा मारतो त्यात आढळले, आणि पुढे मोहाच्या फुलातही. म्हणजे ताडोब्याचा वाघ, ताटातला भात आणि मोहाचे फूल यांच्यात एक गंध सामाईक आहे! मग या फुलाचे मोल केवळ ‘कडकपणा’वर कसे आले?

आता इतिहासाकडे वळू. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण आणि देवपूजा मोहाशिवाय होत नसे. गाळण्याचा धंदा मुख्यतः कलारांकडे होता. फुले पाण्यात काही दिवस भिजवून ‘सडवा’ तयार करायचा, मग तो मडक्यात तापवून वाफ थंड करायची. म्हणजेच आधी किण्वन, मग ऊर्ध्वपातन. म्हणून ही दारू वाइनपेक्षा ब्रँडीच्या अधिक जवळची आहे. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला शब्दप्रयोग या कामातूनच आला. अल्कोहोल पाण्याच्या आधी उकळते, त्यामुळे पहिली धार सर्वांत तीव्र असते. गाळणाऱ्याला हे जिभेने आणि नाकाने कळत होते.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच्या पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या तांबड्या वाइनची पाच श्रेणींत प्रतवारी झाली. ती दलालांनी केली आणि मळ्याच्या नावाला बाजारात किती भाव येतो, हेच तिचे मोजमाप होते. म्हणजे तेथेही हिशेब पैशाचाच होता. पण पैसा नावाला आणि स्वादाला मिळत होता. मळेवाल्याला स्वाद जपणे परवडत होते.

१८६१ साली नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाली. येथे सरकारला दारूत महसूल दिसला. ठरावीक गावांपुरता भट्टी लावण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाऊ लागला. १९०५-०६ च्या भारतीय आबकारी समितीनंतर गावभट्ट्यांऐवजी मोठ्या कारखान्यांतून पुरवठा करण्यावर भर आला. कर किती, हे तीव्रतेवर ठरे आणि तीव्रता साइक्सच्या हायड्रोमीटरवर मोजली जाई. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते जितके जास्त तितका हायड्रोमीटर खोल बुडतो. या मापाला ‘प्रूफ’ म्हणत. बंदुकीची दारू पिण्याच्या दारूत भिजवूनही पेटली तर ती प्रूफ, अशी त्याची जुनी कथा सांगतात. (मराठीत दोन्हींना दारूच म्हणतात, हा योगायोग मजेदार आहे.) ब्रिटिश प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याहून २५ अंश कमी, म्हणजे ५७.१ च्या पाऊणपट, किती? ४२.८. भारतीय बाटल्यांवर आजही हाच आकडा दिसतो. राज्य गेले, मोजपट्टी राहिली.

हायड्रोमीटर खोटे बोलत नाही, पण त्याला नाक नाही. ज्या गोष्टीवर कर आणि भाव ठरतो, तीच विकणारा सांभाळतो. जी मोजली जात नाही ती हळूहळू हरवते. आमच्या मते मोहाचे नेमके हेच झाले. पुढे बंदी आली. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला, तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहाच्या फुलांचाही समावेश होता. लपूनछपून गाळणाऱ्याला घाई असते, आणि घाईत स्वाद सांभाळला जात नाही. इकडे २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष-वाइनला उत्तेजन देणारे धोरण आणले. वेचलेल्या मोहफुलांवरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ साल उजाडले.

यातून दारूची भलामण करायची नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यामागे बायकांचा लढा होता आणि त्यांचा अनुभव कोणत्याही रसिकतेपेक्षा वजनदार आहे. पण फुलाचा दोष आणि धंद्याचा दोष वेगळे करून पाहायला हवेत.

त्यासाठी थेंबभर दारूचीही गरज नाही. येत्या चैत्रात मूठभर ताजी आणि मूठभर वाळलेली मोहफुले वर्गात आणावीत. शेजारी सुवासिक तांदळाचा वाफाळता भात ठेवावा. मुलांनी डोळे मिटून वास घ्यावा आणि जे जाणवेल ते आपल्या शब्दांत लिहावे. हायड्रोमीटरने जे कधी लिहिले नाही, ते निदान त्यांच्या वहीत उतरेल.