ई-रीडर की टॅब? उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या छापखान्यात

वाचायला ई-रीडर घ्यावा की टॅब, असं पालक आणि सहकारी शिक्षक हल्ली मला वारंवार विचारतात. भिवापुरात मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझी उत्तरंही दोन असतात. मराठी कथा-कादंबरी वाचणार असाल तर ई-रीडर उत्तम. उर्दू वाचणार असाल तर तूर्तास टॅबच घ्या. ऐकणाऱ्याला वाटतं, हा कंपन्यांच्या धोरणाचा मामला आहे. तो आहेच, पण त्याचं मूळ जुन्या छापखान्यात आहे.

उर्दू ज्या वळणात लिहिली जाते ते नस्तालीक. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो. शेजारचं अक्षर बदललं की आधीच्या अक्षराचा आकार बदलतो. शिशाच्या खिळ्यांना मात्र सरळ ओळ लागते. कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात मीर अम्मन यांचं ‘बाग-ओ-बहार’ खिळ्यांनी छापलं गेलं, पण ते वळण वाचकांच्या डोळ्यांना रुचलं नाही.

तेवढ्यात शिळाप्रेस आला. जर्मनीत सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेलं हे तंत्र १८२०च्या दशकात हिंदुस्थानात रुजू लागलं. कातिब खास कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहायचा, तो दगडावर उमटवायचा आणि दगडावरून प्रती काढायच्या. कातिबाचा हात जसाच्या तसा वाचकापर्यंत पोहोचायचा. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली काढलेल्या छापखान्याने याच तंत्रावर उर्दू, फारसी आणि अरबी पुस्तकं स्वस्तात घरोघरी नेली. मौलाना आझाद यांनी १९१२ साली ‘अल-हिलाल’ खिळ्यांनी छापलं, तरी उर्दूचा मोठा वाचकवर्ग दगडाशीच इमान राखून राहिला. सौंदर्य टिकलं. पण छापलेलं प्रत्येक पान हे एक चित्र होतं. त्यातलं अक्षर सुटं होत नव्हतं.

मराठीने दुसरी वाट धरली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं तेही शिळाप्रेसवरच, पण पुढे त्यांनी खिळे तयार करवले. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना देखणं रूप आलं. या वाटेवर मराठीने एक किंमतही मोजली. रोजच्या कारभाराची लिपी मोडी होती. तीही नस्तालीकसारखी वळणदार, हात न उचलता लिहायची. विल्यम कॅरे यांचा १८१०चा मराठी कोश मोडी खिळ्यांत निघाला होता, पण छापखान्याने अखेर देवनागरीला जवळ केलं. मोडी हस्ताक्षरापुरती उरली आणि पुढे शाळांतूनही गेली. आज दफ्तरखान्यांत मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत आणि ते वाचणारे मोजके आहेत.

संगणक आला तेव्हा हीच कहाणी नव्याने घडली. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकृत्या हाताने लिहून नूरी नस्तालीक तयार केलं आणि १९८१ साली लाहोरचा ‘जंग’ त्यात निघाला. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने इनपेज आणलं. कातिबांची रोजी गेली, उर्दू मजकूर संगणकावर जुळू लागला. मात्र इनपेजच्या जुन्या फायलींची सांकेतिक भाषा त्याची स्वतःची होती. दुसऱ्या यंत्राला ती कळत नव्हती. म्हणून बाहेर जायचं ते पुन्हा पानाचं चित्रच. मराठीतही श्रीलिपीसारख्या फॉन्टांनी हाच घोळ घातला होता, पण मराठी प्रकाशक हळूहळू युनिकोडकडे वळले. डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आली. त्यात मराठी होती, उर्दू नव्हती.

आता यंत्रांकडे पाहू. ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे सूक्ष्म कण असतात. विजेच्या इशाऱ्यावर ते वर-खाली होतात आणि मग वीज नसतानाही तसेच राहतात. म्हणून चार्जिंग कित्येक दिवस पुरतं आणि विदर्भातल्या उन्हात, अंगणात बसूनही अक्षर स्वच्छ दिसतं. पण त्याची खरी ताकद सुट्या अक्षरात आहे. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्याने जुळतात. पानाचं चित्र दिलं की सहा इंची ई-रीडर हतबल होतो. उर्दूचा ऑनलाइन खजिना बहुतांश चित्रांचाच आहे. २०१३ साली सुरू झालेल्या ‘रेख्ता’ने हजारो जुनी उर्दू पुस्तकं मोफत खुली केली, पण ती स्कॅन केलेली पानं आहेत. त्यांना टॅबचा मोठा पडदाच हवा. बालभारतीच्या रंगीत पाठ्यपुस्तकांना आणि जुन्या स्कॅन केलेल्या मराठी ग्रंथांनाही तोच बरा. फक्त वाचताना टॅबचं इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर मूल पुस्तक सोडून व्हिडिओत रमतं.

पण यावर समाधान मानू नये. चित्रातला शब्द शोधता येत नाही, त्यावर बोट ठेवून अर्थ पाहता येत नाही, अंध विद्यार्थ्याला यंत्र तो वाचून दाखवू शकत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला या सोयी मिळतात आणि उर्दू माध्यमातल्या मुलाला मिळत नाहीत, ही आजची विषमता आहे. दगडाच्या काळात सौंदर्य आणि सोय यांतलं एकच निवडावं लागत होतं. आता तशी सक्ती नाही. २०१४ साली गूगलने नोटो नस्तालीक हा मोफत युनिकोड फॉन्ट दिला, त्यामुळे अक्षर सुटंही राहतं आणि वळणदारही. त्याच वर्षी मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण तोवर तिचे वाचक निघून गेले होते.

उर्दूचे वाचक अजून आहेत. म्हणून उर्दू शिक्षकांनी प्रश्नपत्रिका, धडे आणि टिपणं युनिकोडमध्येच लिहावीत. ज्यांच्या कपाटात इनपेजच्या जुन्या फायली असतील, त्यांनी त्या बदलून घ्याव्यात. आज आपण टॅब घेतो ते नाइलाजाने. पुढच्या पिढीला ई-रीडर की टॅब हे निवडताना भाषा आडवी येऊ नये, एवढं काम आपल्या हातात आहे.