ओसरीवरचा पट

चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी, दुसरी काळी. हिंगोली जिल्ह्यात औंढ्यापासून वसमतपर्यंत कुठल्याही ओसरीवर हा फासा फुकट मिळतो. खडूने एका ओळीत दहा घरं आखायची, त्यांत १ ते १० आकडे लिहायचे. पांढरी बाजू वर आली तर एक घर पुढे, काळी आली तर दोन. घरच्या घरी खेळातून शिकण्याच्या या विषयात मी वाचकाला याच दारातून आत बोलावतो, कारण इतका साधा आणि इतका तपासलेला खेळ दुसरा मला माहीत नाही.

अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमानी यांनी गरीब घरांतल्या मुलांना असाच एका ओळीतला पट खेळायला दिला. शाळेत जाण्याआधीच्या वयाची ही मुलं. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, एवढंच. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: कोणता आकडा रेषेवर कुठे बसतो याची मुलांची समज स्पष्टपणे वाढली होती. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत ती वाढ दिसली नाही.

सगळी मेख मोजण्यात आहे. लेकरू चारवर असतं, फासा दोनचा पडतो, आणि ते 'एक, दोन' म्हणत खडा सरकवतं. तिथेच आजीने थांबवायचं: "चारवर हायस ना? मग पाच म्हण, सहा म्हण." घरातला आकडा तोंडाने म्हणत पुढे गेलं, तरच सहा हा चारच्या पुढे दोन घरं आहे हे त्याला कळतं. नाहीतर नुसता खेळ होतो. तोही वाईट नाही, पण आपला विषय तो नाही.

पट वीसच्या पुढे वाढवला की मराठीची स्वतःची अडचण येते. एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडतं, लिहायचे असतात २ आणि ९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात रूढ नावांबरोबर 'वीस नऊ' अशी वाचनाची रीतही दिली, तेव्हा मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या रीतीची बाजू ठामपणे मांडली होती. माझं मत असं की पटावर दोन्ही नावं म्हणावीत. लेकरू गोंधळत नाही.

महागड्या साहित्याशिवाय हे जमतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर खडे, पानं, बिया घेऊन दाखवलं. हिंगोलीत त्याची गरज आणखी आहे. दिवाळीनंतर काही आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. त्या आजीला लिहिता येत नसलं तरी दहापर्यंत मोजता येतं, आणि या खेळाला तेवढं पुरतं.

पुढचं प्रकरण उघडण्याआधी दहा घरं आखा आणि एक डाव लेकरासोबत खेळून या.